इंजिनातलं श्री

माझ्या धाकट्या भावाच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड तुटून, इंजिनाला भोक पाडून बाहेर आला, त्या दिवसापासून बाबांनी पाना हातात धरला नव्हता. भाऊ त्या मानानं बरा होता. मांडीचं हाड मोडलं होतं, आत सळई घातली होती, आणि डॉक्टर म्हणत होते की पोरगा पायावर उभा राहील. बाबांबद्दल असं खात्रीनं सांगणारं कुणी नव्हतं. ते सकाळी अंघोळ करून गॅरेजच्या शटरची किल्ली माझ्या हातात द्यायचे आणि वरच्या खोलीत कूलरसमोर खुर्ची टाकून बसायचे. कूलर बंद असला तरी तिथंच बसायचे.

गॅरेज आमच्या घराखालीच आहे, सक्करदऱ्याच्या एका गल्लीत. आजोबांच्या वेळी तिथं हातमाग होता. बाबांना सुतापेक्षा इंजिन जास्त कळायचं, म्हणून माग गेला आणि स्कूटरी आल्या. डिप्लोमा करून मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा गल्लीत बरीच कुजबुज झाली. आता कुणी करत नाही, कारण केली तर मी तोंडावर उत्तर देते. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे मोठ्या गाड्याही येऊ लागल्या होत्या, चार-चार सिलिंडरच्या, हौशी लोकांच्या. बाबा त्या इंजिनांवर फिदा होते. भावाची गाडी तसलीच, परदेशी, हजार सीसीची, जुनी घेतलेली. तिचं इंजिन बाबांनी आणि मी पूर्ण उघडून आणखी ताकदीचं केलं होतं.

ज्यांनी इंजिन आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पिस्टन वर-खाली धावतो, क्रँक गोल फिरते, आणि या दोघांना जोडणारा, वीतभरही नसलेला पोलादी दांडा म्हणजे रॉड. त्याचं खालचं टोक दोन बोल्टांनी क्रँकवर आवळलेलं असतं. क्रँकचे मिनिटाला बारा हजार फेरे होतात तेव्हा प्रत्येक फेऱ्यात हा दांडा ओढलाही जातो आणि दाबलाही जातो. तो तुटला की आतल्या आत सगळ्याचा चेंदामेंदा होतो. भंडारा रोडवर, मौद्याच्या थोडं अलीकडे, तेच झालं. तेल मागच्या चाकावर आलं आणि गाडी घसरली. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच आमचं नशीब.

"माह्याच हातानं झालं," बाबा ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून म्हणाले. "रॉडचा बोल्ट सैल राहिला असन."

मी म्हटलं, असं काही नाही. ते ऐकायला तयार नव्हते. बोल्ट त्यांनीच आवळले होते, मला हात लावू दिला नव्हता, हे खरं होतं. पुढं घरी आल्यावरही तेच. आई ताट वाढायची, बाबा अर्धी पोळी खाऊन उठायचे. भावाच्या खोलीत जायचेच नाहीत, दारातून पाहायचे आणि मागे फिरायचे. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण राग यायचा. चाळीस वर्षं ज्या माणसानं अख्ख्या गल्लीला "जमते की नाही ते मंग पाहू, पयले खोल तं खरं" असं सांगितलं, तो माणूस एका बोल्टापायी खुर्चीत मातीच्या गोळ्यासारखा बसला होता. गिऱ्हाईकं यायची, "बाबा कुठं आहेत?" विचारायची आणि माझं तोंड पाहून दुसरीकडे जायची. मला गिऱ्हाइकांचं काही नव्हतं. मला बाबा खाली यायला हवे होते.

भाऊ पलंगावर पडल्या पडल्या वेगळंच गाणं गात होता.

"ताई, इंजिन बनव," तो म्हणायचा. "यावेळी असा रॉड टाक, का मी तुटलो तरी तो तुटला नाही पाहिजे."

"तू तुटलेलाच आहेस," मी म्हणायचे.

मला ती गाडी भंगारात द्यायची होती. पण एका सकाळी वाटलं, इंजिन उघडायला निमित्त तर आहे. बोल्टाचं काय झालं ते डोळ्यांनी दिसेल. सैल असतील तर सैल. निदान खुर्चीतल्या माणसाला काहीतरी ठाम सांगता येईल.

इंजिन उघडलं तर आत नुसता चुरा. पिस्टनचे तुकडे, वाकलेले व्हॉल्व्ह, तेलात चमचमणारा कीस. त्यात हात घालून मी तुटलेल्या रॉडचं खालचं टोक शोधलं. ते क्रँकला तसंच धरून होतं. रॉड बोल्टापाशी सुटलाच नव्हता, वर मधल्या दांड्यात मोडला होता. दोन्ही बोल्ट जागेवर होते. हातानं हलवून पाहिले, तसूभर हलेनात.

मी तशीच, तेलानं माखलेली, वर गेले आणि बाबांना हाताला धरून खाली आणलं. आणलं म्हणजे ओढलं. त्यांनी जिन्यात दोनदा "अवं, पडीन ना मी" म्हटलं. पाना त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "तुम्हीच सोडा."

पहिला बोल्ट सुटेना. बाबांनी दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा तो कर्र आवाज करत सुटला. दुसराही तसाच. घट्ट आवळलेल्या बोल्टाचा तो आवाज कोणताही मेकॅनिक झोपेत ओळखेल. बाबांनी दुसरा बोल्ट पुन्हा आवळला आणि पुन्हा सोडला, फक्त तो आवाज ऐकण्यासाठी. मग स्टुलावर बसले आणि डोळे पुसले. मी दुसरीकडे पाहिलं.

"मंग तुटला काहून?" त्यांनी विचारलं.

"जुनी गाडी बाबा. मालच थकला असेल."

हे मी मनापासून म्हटलं होतं. मला तेव्हा तसंच वाटत होतं. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले, भावाच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसले आणि त्याला गाडी हळू चालवण्यावर लांबलचक भाषण दिलं. भाऊ हसत होता, हसताना मांडी दुखत होती म्हणून ओरडत होता. आई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून उभी होती. दुसऱ्या दिवशी शटर बाबांनी उघडलं.

आता रॉड कोणते घ्यायचे यावर आमचं वाजलं. बाबांचं म्हणणं, कंपनीचेच घ्यावेत, कंपनीनं हिशेब करून बनवलेले असतात. माझं म्हणणं, कंपनीनं हिशेब कंपनीच्या ताकदीचा केला होता, आपण ती वाढवून ठेवली आहे. मला एकाच पोलादी ठोकळ्यातून घडवलेले, जाड बोल्टांचे रॉड हवे होते. तसे रॉड इथं मिळत नाहीत. फोनवर ज्यांच्याकडे मिळत होते त्यातला प्रत्येक जण मला "मॅडम, आँख बंद करके लो" म्हणत होता. डोळे मिटून घेतलेला एक संच आलाही. वजन केलं तर चारही रॉड वेगवेगळ्या वजनाचे, आणि एकाच्या भोकाला नखाला लागेल अशी धार. मी त्या माणसाला फोनवर जे बोलले ते आईनं ऐकलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आठवडाभर मी रॉडांशिवाय दुसरं काही बोलत नव्हते. जेवताना मोबाईल, झोपताना मोबाईल. भाऊ आता कुबड्या मागू लागला होता, आणि याच इंजिनावर तो पुन्हा बसणार होता. चुकीचा रॉड निवडला तर यावेळी मागून ट्रक येईल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. शेवटी खात्रीच्या माणसाकडून एक संच ठरवला.

तेव्हा बाबांनी नवीनच काढलं. "चार कायले? एकच तुटला ना. बाकीचे तीन तं चांगले आहेत."

मी म्हटलं, चांगले आहेत की नाहीत ते तपासून दाखवते. तपासायची रीत सोपी आहे. रॉड स्वच्छ धुवायचा, त्यावर एक पातळ लाल रंग फवारायचा, थोडं थांबून पुसून टाकायचा आणि वरून खडूसारखी पांढरी पूड फवारायची. कुठं डोळ्याला न दिसणारी चीर असली, तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो. दुपार होती, बाबा जेवून वर पडले होते. मी तिन्ही रॉड टेबलावर ओळीनं मांडले.

प्रत्येक रॉडच्या दांड्यावर, अगदी मधोमध, बाबांचं श्री होतं. ते काही मला नवीन नव्हतं. आजोबा नवा ताणा लावताना मागाच्या लाकडावर कुंकवानं श्री लिहायचे. बाबा इंजिन बांधताना विजेच्या कोरणीनं रॉडवर लिहायचे, बारीक, वळणदार, शेवटची वेलांटी लांब ओढलेली. झाकणावर नाही, बाहेरच्या कव्हरवर नाही, आत. मी लहानपणापासून पाहत आले होते. स्कूटरच्या रॉडवर, बुलेटच्या रॉडवर. मला ते सुंदर वाटायचं.

पहिल्या रॉडवर पांढरी पूड वाळली. काही दिसलं नाही. दुसऱ्यावर वेलांटीच्या टोकाशी एक लाल ठिपका आला. मला वाटलं, कोरलेल्या खाचेत रंग राहिला, नीट पुसला नाही. पुन्हा धुतला, पुन्हा फवारलं. ठिपका पुन्हा आला, आणि ठिपक्यातून केसासारखी एक लाल रेघ निघून दांड्याच्या कडेपर्यंत गेली. तिसऱ्या रॉडवरही तीच रेघ, त्याच वेलांटीपासून, जरा आखूड.

मी तुटलेला तुकडा घेतला आणि बर्डीच्या बाजारातून आणलेल्या भिंगाखाली मोडलेली बाजू पाहिली. तिथं कांदा कापल्यावर दिसतात तशा गोल गोल रेषा होत्या, सगळ्या एका बिंदूभोवती. चीर त्या बिंदूपासून सुरू झाली होती आणि हळूहळू, दर फेऱ्याला जरा जरा, आत गेली होती. बिंदूच्या जागी श्रीचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा चुऱ्यात गेला होता.

गुळगुळीत पोलादावर एक ओरखडा पुरतो, हे मी डिप्लोमात शिकले होते. सगळा ताण त्या ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो. स्कूटरला फरक पडत नाही, तिथं ताणच कमी. बारा हजार फेऱ्यांना पडतो. हे मला माहीत होतं, बाबांचं श्रीही माहीत होतं, आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्या नव्हत्या. तो ओरखडा आहे असं मला कधी वाटलंच नाही. श्री होतं ते.

वर बाबांच्या खोकल्याचा आवाज आला. मी तिन्ही रॉड फडक्यात गुंडाळून ड्रॉवरच्या तळाशी टाकले. ते खाली आल्यावर म्हटलं, "थकले आहेत तिन्ही. चारही नवे घेऊ." त्यांनी मान डोलावली आणि चहा मागितला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाबा खूश होते, हेच सहन होत नव्हतं. ते गुणगुणत होते. दुसऱ्या गाडीवरून आणलेलं इंजिनाचं कवच घासूनपुसून लख्ख करत होते. मी ठरवायचे, सांगायचं. मग ते भावाला खांद्याचा आधार देऊन खोलीतल्या खोलीत चालवताना दिसायचे आणि मी परत खाली येऊन पाने पुसत बसायचे. काय सांगणार होते? बोल्ट घट्ट होते बाबा, पण पोराला पाडलं तुम्हीच? मी देवाला शिव्या दिल्या. त्याचं नाव होतं तिथं, निदान तेवढ्यापुरतं तरी त्यानं धरून ठेवायला नको होतं का? मग वाटायचं, सांगायची गरजच काय. नवे रॉड आले की बाबा दुपारी पडतील तेव्हा एकटीनं बसवून टाकायचे. विचारलं तर म्हणायचं, राहून गेलं.

पण पार्सल आलं तेव्हा मी बर्डीला गॅस्केट आणायला गेले होते. परतले तर गल्लीतच कोरणीची घरघर ऐकू आली.

बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. टेबलावर स्वच्छ फडकं, फडक्यावर चार नवे रॉड. एक डाव्या हातात धरलेला, चष्मा नाकावर, आणि कोरणीचं टोक पोलादाच्या अगदी जवळ.

"बाबा, नका!"

मी इतक्या जोरात ओरडले की समोरचा पानवाला बाहेर आला. बाबा दचकले. कोरणी त्यांनी बंद केली.

"काय झालं वं? अशी काहून ओरडून राहिली?"

"वॉरंटी जाते," मी म्हटलं. तोंडात आलं ते म्हटलं.

"वॉरंटीले काय चाटाचं हाय? पोरगा बसन ह्या इंजिनावर. देवाचं नाव नको?"

"बाहेर लिहा ना. कव्हरवर लिहा. मोठं लिहा."

"बाहेर तं कोणीबी लिहिते," बाबा म्हणाले, शांतपणे, मला काही शिकवताना बोलायचे तसं. "जिथं जोर पडते, तिथंच लिहा लागते."

आणि त्यांनी कोरणी पुन्हा चालू केली.

मी तिची वायर भिंतीतून ओढून काढली. मला रडू फुटलं होतं आणि त्याचाच संताप येत होता. ड्रॉवर उघडला, फडकं टेबलावर आपटलं आणि तिन्ही जुने रॉड त्यांच्यासमोर ठेवले. पांढरी पूड बरीच झडली होती, पण लाल रेघा दिसत होत्या.

"जिथं जोर पडते, तिथूनच तुटला बाबा. हे पाहा. बोल्ट नाही, माल नाही. इथून."

बाबांनी दुसरा रॉड उचलला. चष्मा वर करून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. वेलांटीवरून नख फिरवलं, मग रेघेवरून. तिसरा उचलला. तुटलेला तुकडा मी पुढं केला नाही, त्यांनी स्वतः मागितला. भिंगही मागितलं. किती वेळ पाहत होते कुणास ठाऊक. मी नाक पुसत उभी होते आणि मनात म्हणत होते, आता हे रॉड खाली ठेवतील, किल्ली माझ्या हातात देतील आणि जिना चढतील. यावेळी मी त्यांना खाली ओढून आणू शकणार नव्हते. दाखवायला आता माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

बाबांनी रॉड खाली ठेवले. हात फडक्याला पुसले. किल्ली त्यांच्या खिशातच राहिली.

"आणखी कोणाच्या मोठ्या गाडीत लिहिलं मी?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत एकदाही पडला नव्हता. मी फक्त घरातल्या दोन माणसांचा विचार करत होते.

"धरमपेठेतले डॉक्टर," मी म्हटलं. "आणि मौद्याच्या प्लांटवरचे साहेब."

"साहेब तं रोज येणं-जाणं करतेत," बाबा म्हणाले. "भंडारा रोडनं."

त्यांनी मोबाईल काढला. आधी डॉक्टरांना लावला. गाडी घरीच उभी होती. "स्टार्ट करू नका," बाबांनी सांगितलं, "मी येऊन नेतो." मग प्लांटवरच्या साहेबांना लावला. घंटी वाजत राहिली आणि बंद झाली. भिंतीवरच्या घड्याळात त्यांची सुटायची वेळ होऊन गेली होती. बाबांनी पुन्हा लावला. पुन्हा नाही. मी हात पुढं केला, पण मोबाईल मला देईनात. तिसऱ्यांदा घंटी वाजली, वाजली, आणि पलीकडून वाऱ्याचा आणि गाड्यांचा आवाज आला.

"साहेब, कुठं आहात?" बाबा ओरडले. "बाजूले घ्या. आत्ता. बंद करा गाडी आन उतरा खाली. नाही, काही विचारू नका, पयले उतरा... उतरले? आता किल्ली काढा. तिथंच थांबा. मी टेम्पो घेऊन येऊन राहिलो."

फोन त्यांनी खिशात टाकला. मग चपला शोधू लागले. टेम्पोवाला शेजारीच राहतो, मी त्याला हाक मारली. बाबा पुढं बसले, मी त्यांच्या शेजारी चढले. टेम्पो गल्लीतून बाहेर पडला.

"त्यांना काय सांगणार?" मी विचारलं. "थकलेला माल म्हणू. तेही खोटं नाही."

बाबा समोर रस्त्याकडे पाहत होते.

"जे झालं ते सांगतो," ते म्हणाले. "माह्या अक्षरानं माहा पोरगा पडला, म्हणतो."